गाडी किती देते?

द्वारकेत आमच्या सोसायटीत माझं नाव फारसं कुणाला माहीत नाही, पण 'गाड्यांच्या ऑफिसवाली मॅडम' सगळ्यांना ठाऊक आहे. लिफ्टमध्ये लोक माझ्याशी हवापाण्याचं बोलत नाहीत, गाडीचं बोलतात. "मॅडम, हमारी पुरानी एसयूव्ही तो सिर्फ आठ दे रही है. कंपनी ने पंद्रह बोला था." मग मी तीन प्रश्न विचारते. टायरमध्ये हवा शेवटची कधी भरली? छतावरचा कॅरिअर काढता का? रोज किती लांब जाता? हवेचं कुणाला आठवत नाही. कॅरिअर मनालीला गेले होते तेव्हापासून तसाच आहे. आणि रोजची धाव मेट्रो स्टेशनपर्यंत. इंजिन गरम व्हायच्या आत गाडी पुन्हा बंद. "मग आठ देतेय हे तिचे उपकार माना," असं मी सांगते. ते गृहस्थ पुढच्या वेळी मला बघून जिन्याने जातात.

मी एका सरकारी संस्थेच्या वाहन विभागात बरीच वर्षं काढली आणि आता त्याच ऑफिसात दुसऱ्या टेबलावर आहे. संस्थेचं काम भूजलाचं. दिल्ली आणि आसपासच्या जिल्ह्यांत जायचं, विहिरी आणि बोअरवेलचं पाणी घ्यायचं, तपासायचं. त्यासाठी अधिकारी, बाटल्यांचे क्रेट, शिडी, पंप असा सगळा संसार हलवावा लागतो. तो हलवायला आमच्याकडे काही जुन्या डिझेल एसयूव्ही आणि दोन पिकअप होत्या. दिल्लीत डिझेल गाडीला दहा वर्षांच्या पुढे रस्त्यावर जागा नाही, त्यामुळे जुन्या म्हणजे सात-आठ वर्षांच्या. पण आमच्या कामात गाडी वर्षांनी म्हातारी होत नाही, खड्ड्यांनी होते.

मला याद्या करायची सवय आहे. घरच्या किराण्याची यादीसुद्धा मी दुकानातल्या कपाटांच्या क्रमाने लिहिते. त्यामुळे हे खातं मला मानवलं. कोणत्या गाडीचं ऑइल कधी बदललं, कोणाचा क्लच घसरतोय, कुठल्या टायरची नक्षी गेली, हे मला तोंडपाठ असायचं. मात्र एक आकडा असा होता की तो कुठल्याही रकान्यात लिहिला तरी मला समाधान होत नसे. गाडी किती देते, हा.

'देते' म्हणजे एका लिटरमध्ये किती किलोमीटर जाते. सगळे त्याला ॲव्हरेज म्हणतात. लग्नाच्या जाहिरातीत मुलाची उंची आणि ड्रायव्हरांच्या खोलीत गाडीचं ॲव्हरेज, दोन्ही दोन बोटं वाढवून सांगायची पद्धत आहे. त्यात खोटेपणा असतोच असं नाही. एकच गाडी मानेसरच्या मोकळ्या रस्त्यावर एक आकडा देते आणि धौला कुआँच्या गर्दीत दुसरा. एकदा आमच्या एका पिकअपचं ॲव्हरेज अचानक पडलं. मेकॅनिकने इंजेक्टर काढले, पंप तपासला, काही सापडेना. मग एका सकाळी मी तिच्या मागून स्कूटरवर येत होते, तेव्हा दिसलं. मागची ताडपत्री एका बाजूने सुटली होती आणि पिकअप तो फुगा ओढत चालली होती. दोन दोऱ्या बांधल्या, ॲव्हरेज परत आलं. मेकॅनिक आठवडाभर माझ्याशी बोलला नाही.

सरकारात मात्र गाडीला एकच आकडा लागतो. त्यासाठी वर्षातून एकदा टेस्ट घ्यायची. आमच्याकडची रीत अशी. गाडीची आदल्या आठवड्यात सर्व्हिसिंग. रविवारी सकाळी, रस्ता रिकामा असताना, पंपावर टाकी गळ्यापर्यंत भरायची. डिझेलला फेस येतो, म्हणून गाडी धरून हलवायची, फेस बसला की पुन्हा थोडं ओतायचं. मग ड्रायव्हर, मी आणि अकाउंट्सचा एक माणूस असे तिघं निघायचं, मानेसरच्या पुढे जाऊन धाब्यावर पराठा खाऊन परत यायचं, त्याच पंपावर पुन्हा टाकी गळ्यापर्यंत भरायची. जेवढं डिझेल मावलं त्याने किलोमीटरला भागायचं. जो आकडा येईल तो त्या गाडीचा वर्षभराचा कायदा. मागे क्रेट नाहीत, वर शिडी नाही, शेजारी साहेब नाही, रस्त्यात जाम नाही. म्हणजे ज्या दिवशी गाडी आमचं काम करत नसे, त्या दिवशी आम्ही तिचं काम मोजत होतो. ही रीत माझ्या आधीपासून चालत आलेली होती आणि तिच्यावर तीन सह्या असत. तीन सह्या असलेल्या गोष्टीला आमच्याकडे सहसा कोणी हात लावत नाही.

ड्रायव्हरांना ही गोम पक्की ठाऊक होती. आमचा रामफल, रोहतककडचा, टेस्टच्या दिवशी मुद्दाम अशी गाडी चालवायचा की पराठा पोटात घुसळून निघावा. तिसऱ्या गिअरमध्ये गुरगुरत, मध्येच जोरात, मध्येच ब्रेक. आकडा यायचा दहा. वर्षभर मग रामफल आरामात. रोजच्या कामात गाडी नऊ द्यायची, दहाला नऊ कोणी विचारत नाही.

आणि त्याच मॉडेलची, त्याच वर्षाची दुसरी गाडी होती जगदाळ्यांकडे.

जगदाळे साताऱ्याकडचे. फौजेत ड्रायव्हर होते, हवालदार म्हणून निवृत्त झाले, मग मुलीच्या कॉलेजसाठी दिल्लीतच राहिले. पालमला त्यांच्या तालुक्यातली बरीच फौजी कुटुंबं आहेत, त्यांच्यातच खोली घेतली. आमच्याकडे कंत्राटावर होते. मिशी, इस्त्री आणि गाडीची काच, तिन्ही रोज चकचकीत. टेस्ट म्हणजे त्यांच्या लेखी परीक्षा. आदल्या दिवशी ते गाडीतला रबरी पायपोस उचलून झटकायचे, वजन कमी होतं म्हणून. टेस्टला एसी बंद, काचा बंद, पन्नासच्या आसपास एकसारखा वेग, पुढचा सिग्नल लाल दिसला की दुरूनच पाय वर. अकाउंट्सचा माणूस मागे घामाने भिजून झोपी जायचा. त्या वर्षी त्यांनी तेरा काढले. जुन्या, थकलेल्या गाडीतून तेरा! सोमवारी त्यांनी ड्रायव्हरांच्या खोलीत लाडू वाटले.

रामफलने लाडू खाल्ला आणि डोक्याला हात लावला. "अरे फौजी, टेस्ट में तेरह निकाल दिए, अब साल भर कहां से लावेगा?"

"लावेगा क्या? गाडी देती है तो देती है," जगदाळे म्हणाले.

"गाडी ना देती. तू देवे है."

रामफलचं हे वाक्य आमच्या खात्यातलं सगळ्यात शहाणं वाक्य होतं, पण तेव्हा सगळे हसले.

काही महिन्यांनी प्रशासनाला नवे अधिकारी आले, भटनागर साहेब. माणूस प्रामाणिक, कामसू, आणि माझ्याहून मोठा यादीवाला. आल्या आल्या त्यांनी सगळ्या गाड्यांचा तक्ता मागवला. एका बाजूला टेस्टचा आकडा, दुसऱ्या बाजूला महिन्याच्या डिझेलवरून निघणारा खरा आकडा. रामफल, दहाला नऊ. ठीक. जगदाळे, तेराला नऊ. साहेबांनी त्या ओळीखाली लाल रेघ मारली आणि मला बोलावलं.

"मैडम, दोनों गाडियां एक जैसी हैं. एक का हिसाब बैठता है, एक का नहीं. डीझल कहीं तो जा रहा है."

"सर, टेस्ट आणि रोजचं काम..." मी सवयीने मराठीत सुरू झाले, मग सावरलं. "टेस्ट में और काम में फरक होता है, सर."

"फरक रामफल को क्यों नहीं होता?"

याचं उत्तर द्यायचं तर रामफल टेस्टमध्ये लबाडी करतो असं सांगावं लागलं असतं. एका ड्रायव्हरला वाचवायला दुसऱ्याला पुढे करायचं, हे मला जमेना. साहेबांनी सांगितलं की या महिन्याअखेर कंत्राटं नव्याने करायची आहेत, त्यात जगदाळ्यांचं करायचं नाही, आणि कारण म्हणून डिझेलचा गैरवापर असं लिहायचं.

त्या शेऱ्याचा अर्थ मला माहीत होता. असा शेरा घेऊन बाहेर पडलेल्या ड्रायव्हरला दिल्लीतलं कुठलंही ऑफिस गेटच्या आत घेत नाही. जगदाळ्यांना मी बोलावून सगळं स्वच्छ सांगितलं. ते सावधान उभे राहून ऐकत होते. मग म्हणाले, "ताई, फौजेत एवढी वर्षं गाडी चालवली. डिझेलचा वास लागला असेल अंगाला, पैसा नाही लागला."

"मला माहीत आहे, जगदाळे."

"तुम्हाला माहीत असून काय उपयोग? पालमला आमच्या गावची माणसं आहेत. नोकरी गेली तर सांगता येतं. पण कशापायी गेली हे काय सांगू? पोरगी काय सांगेल मैत्रिणींना?"

मी साहेबांकडे परत गेले आणि एकच गोष्ट मागितली. कारवाई करण्याआधी एक दिवस तुम्ही स्वतः त्या गाडीत बसा. सकाळी तुमच्यासमोर टाकी भरू, तुमचा नेहमीचा दिवस जसा असतो तसा घालवू, संध्याकाळी तुमच्यासमोर पुन्हा भरू. दिवसभर गाडी तुमच्या नजरेखाली. साहेब न्यायाने वागणारे होते. लगेच हो म्हणाले.

जगदाळ्यांना मी निक्षून सांगितलं, "उद्या टेस्ट नाही. रोजच्यासारखं चालवायचं."

"हो ताई."

दुसऱ्या दिवशी सकाळी आर. के. पुरमजवळच्या आमच्या ऑफिसात पोचले तर गाडी नव्या नवरीसारखी उभी. कॅरिअर गायब. शिडी भिंतीला टेकलेली. क्रेट ओळीने ओट्यावर.

"जगदाळे, कॅरिअर कुठाय?"

"काढला ताई. वारा अडतो त्याला."

"आणि क्रेट?"

"वजन होतं उगाच."

"बसवा सगळं परत. आत्ताच्या आत्ता."

"ताई, साहेब बसणार आहेत. साहेबांसमोर गाडी कमी देताना बरं दिसेल का?"

मी कपाळाला हात लावला. जून महिना होता, सकाळीच पत्रा तापला होता, आणि हा माणूस स्वतःच्या बचावाचे पुरावे उतरवून ठेवत होता. शेवटी त्यांनी सगळं परत चढवलं, तोंड पाडून. पंपावर गेलो. साहेबांसमोर टाकी गळ्यापर्यंत भरली. पंपवाला "बस" म्हणाला तरी जगदाळे गाडी हलवत राहिले, फेस बसवत राहिले.

निघालो. पुढे साहेब, मागे मी. पहिल्या सिग्नलला जगदाळ्यांनी इंजिन बंद केलं. एसी बंद पडला. सिग्नल सुटला, गाडी अशी अलगद उचलली की साहेबांच्या हातातला चहाचा कागदी कप हललासुद्धा नाही. पुढच्या पुलावरून उतरताना पाय ॲक्सिलरेटरवर नव्हताच. साहेब कौतुकाने मागे वळले.

"देखा मैडम? गाडी तो मक्खन चल रही है. यानी दे सकती है. फिर बाकी दिन क्यों नहीं देती?"

जगदाळे जितकं चांगलं चालवतील तितके चोर ठरत होते. साहेबांना मराठी येत नव्हतं. मी पुढे वाकून हळूच म्हटलं, "जगदाळे, आज तरी हात आवरा हो."

"पाय ऐकत नाही, ताई."

"क्या बोल रहे हैं?" साहेबांनी विचारलं.

"पांव में दर्द है इनके, सर," मी म्हटलं.

कोपर्निकस मार्गावर एका राज्याच्या जुन्या अतिथिगृहात साहेबांची बाहेरून आलेल्या अधिकाऱ्यांबरोबर बैठक होती. उतरताना ते रोजच्या सवयीने म्हणाले, "गाडी ठंडी रखना. दस मिनट में आया." आणि आत गेले.

आम्ही दोघं गाडीत. इंजिन चालू, एसी चालू. दहा मिनिटं झाली. वीस झाली. इंजिनाची घरघर ऐकताना जगदाळ्यांचा चेहरा असा झाला होता की कुणी त्यांच्या दाताला हात घालतंय.

"बंद करू का, ताई?"

"साहेब काय सांगून गेले?"

"थंड ठेव म्हणाले."

"रोज काय करता?"

"ठेवतो की थंड. साहेबांचा हुकूम."

"मग ठेवा."

जरा वेळाने ते म्हणाले, "जळतंय नुसतं. एक पाऊल पुढे नाही आणि जळतंय."

मी म्हटलं, "जगदाळे, तुमची भाकरी जळतेय, तुम्ही डिझेलकडे काय बघताय? सकाळपासून काय चाललंय तुमचं? थोडा दाबा पाय."

ते एकदम गंभीर झाले. आरशातून माझ्याकडे बघत म्हणाले, "मुद्दाम दाबून गाडी प्यायला लावायची, ती पण चोरीच की हो, ताई. मग साहेब म्हणतात ते खरं होईल."

मी इतकी वर्षं आकडे जुळवले होते. पण या माणसाला मी नकळत तेच करायला सांगत होते, जे रामफल टेस्टला करायचा. मग म्हटलं, "ठीक आहे. दाबू नका. उचलूही नका. फक्त साहेब सांगतील तेवढंच करा. इंजिन स्वतःहून बंद करायचं नाही."

"हे जमेल," ते म्हणाले. हुकूम पाळणं त्यांना येत होतं.

साहेब तासाभराने आले. तिथून उलटं धौला कुआँवरून द्वारका आणि पुढे नजफगढच्या बाजूला, विहिरींच्या पाहणीला. धौला कुआँला सगळी दिल्ली उभी होती. पहिल्या गिअरमध्ये गाडी सरकायची, थांबायची, सरकायची. साहेबांनी एसीचा पंखा चारवर केला आणि म्हणाले, "और तेज नहीं होता क्या?" द्वारकेच्या पुढे त्यांना उशीर झाल्याचं आठवलं. "थोडा खींचो भाई, वो लोग इंतजार कर रहे हैं." जगदाळ्यांनी खेचली. वर शिडी थरथरत होती, मागे क्रेट खणखणत होते. नजफगढपलीकडच्या गावात कच्चा रस्ता, तोही साहेबांनीच दाखवलेला आणि चुकलेला. विहिरीवर उतरताना पुन्हा तेच, "चालू रखना, बैठेंगे तो भट्टी नहीं होनी चाहिए." साहेबांनी काही वेगळं केलं नव्हतं. हे त्यांचं रोजचंच होतं, आणि त्यात गैरही काही नव्हतं. जूनमध्ये दिल्लीत माणसाने काय करावं?

संध्याकाळी त्याच पंपावर परत आलो. पंपवाल्याने नळी लावली, ती आपोआप थांबली. "हो गया," तो म्हणाला.

"नहीं हुआ," जगदाळे म्हणाले आणि गाडी हलवायला लागले. फेस बसला, अजून थोडं मावलं. पुन्हा हलवली. साहेबांनाच वाटलं असावं की आता पुरे, पण जगदाळे गळ्यापर्यंत डिझेल दिसेपर्यंत थांबले नाहीत. प्रत्येक जादा थेंब त्यांच्या बाजूने बोलत होता, हे त्यांच्या ध्यानातही नसावं. टाकी भरायची म्हणजे भरायची.

साहेबांनी मोबाइलवर भागाकार केला. मग पुन्हा केला. मग किलोमीटरचा काटा स्वतः वाकून वाचला आणि तिसऱ्यांदा केला.

"आठ," ते म्हणाले. "आठ भी पूरा नहीं."

मागे एक टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. ज्या नऊसाठी जगदाळे चोर ठरणार होते, त्या नऊच्याही खाली साहेबांचा स्वतःचा दिवस आला होता. म्हणजे एरवी हा माणूस साहेबलोकांच्या सगळ्या हुकमांतून लिटरमागे एकेक किलोमीटर वाचवत आला होता आणि आम्ही त्याच्याकडे चार किलोमीटरचा जाब मागत होतो. साहेबांच्या हे लक्षात आलं. ते हुशार होते, फक्त गाडीच्या डाव्या सीटवरून त्यांना कधी काटा दिसला नव्हता.

मी जगदाळ्यांकडे बघितलं. सुटले म्हणून त्यांचा चेहरा उजळेल असं वाटलं होतं. तो पार उतरला होता.

"ताई," ते माझ्याजवळ येऊन खालच्या आवाजात म्हणाले, "हा आकडा माझ्या नावावर लिहू नका. आयुष्यात एवढं कमी कधी काढलं नाही मी. रामफलला कळलं तर खोलीत बसू देणार नाही."

"अहो, या आकड्याने तुमची नोकरी वाचली!"

"ते ठीक आहे. पण आठ?"

साहेबांनी तिथेच उभं राहून ऑफिसात फोन लावला आणि कंत्राटाच्या यादीत जगदाळ्यांचं नाव घालायला सांगितलं. शेरा काढायला सांगितला. फोन खिशात ठेवून ते जगदाळ्यांसमोर आले. सॉरी म्हणणं अधिकाऱ्याला अवघड असतं, पण त्यांनी प्रयत्न केला.

"फौजी, गलती हमारी थी. पर एक बात बताओ, ये तेरह निकाला कैसे था?"

"सर, वो टेस्ट था."

साहेब हसले. त्यांनी जगदाळ्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "तो अगली बार टेस्ट में इतना अच्छा मत चलाना. दस-ग्यारह बहुत है. तुम भी चैन से, हम भी चैन से."

जगदाळ्यांनी टाचा जुळवल्या.

"सर, वो मुझसे नहीं होगा."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं, मी साहेबांकडे. माणूस काही बदलणार नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं मिळून नियम बदलायला बसलो. टेस्ट यापुढे सोमवारी, क्रेट आणि शिडीसकट, धौला कुआँवरून, आणि पुढच्या सीटवर एक साहेब बसवून.